पाचट, बिल्ला आणि भिशी : हवाई बेटांवरच्या बायकांची गोष्ट



हवाई म्हटलं की कुणाला विमान आठवेल. पण आज मी बोलणार आहे ती हवाई नावाची बेटं. ती अमेरिका आणि जपान यांच्या मधल्या मोठ्या समुद्रात आहेत आणि आज अमेरिकेचं एक राज्य आहेत. टीव्हीवर ती दिसतात ती पर्यटकांची हवाई : निळं पाणी, गळ्यात फुलांच्या माळा. पण शंभर वर्षांहून जास्त काळ ही बेटं उसाची होती. आणि त्या उसात राबणाऱ्या बायका काय कमवत होत्या, कुठून सामान घेत होत्या, पैसा कसा साठवत होत्या, हे ऐकलं की आपलंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

1835 साली तिथल्या काउआई बेटावर कोलोआ गावात उसाचा पहिला मोठा मळा सुरू झाला. पुढे मळे वाढले. पण गोऱ्या लोकांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथींनी तिथली मूळ माणसं मोठ्या संख्येने दगावली होती. मग मळेवाल्यांनी बाहेरून मजूर आणले. आधी चिनी, मग पोर्तुगीज, जपानी, पुढे कोरियन आणि फिलिपिनो. 1885 च्या फेब्रुवारीत जपानहून एक जहाज आलं, त्यात नऊशेहून अधिक माणसं होती, बायका-मुलंही होती. करार तीन वर्षांचा. महिन्याला पुरुषाला 9 डॉलर आणि बाईला 6. जेवणखर्चाचे पैसे वेगळे, तेही बाईला कमी. उन्हात दिवसाचे दहा तास मात्र दोघांचे सारखेच.

बायकांच्या वाट्याला खुरपणी आणि पाचट काढणं ही कामं जास्त यायची. उसाचं पातं कसं कापतं ते आपल्याला सांगायला नको. म्हणून त्या जपानहून आणलेल्या जाड सुती किमोनोचं कापड उसवून त्याचे अंगरखे शिवायच्या. पायाला पट्ट्या, हाताला मोजे, डोक्याला रुमाल आणि त्यावर टोपी. तान्ही मुलं पाठीवर बांधलेली किंवा बांधाला निजवलेली. वर घोड्यावर बसलेला मुकादम. त्याला तिथे 'लुना' म्हणत. दुपारी दोन पुडांचा पत्र्याचा डबा उघडायचा. खालच्या पुडात भात, वरच्या पुडात कालवण नाहीतर लोणचं. वेगवेगळ्या देशांची माणसं शेजारी बसून वरचं पूड एकमेकांना द्यायची. हवाईच्या आजच्या मिश्र जेवणाची सुरुवात अशा डब्यांतून झाली, असं तिथले लोक सांगतात.

आता खरेदीकडे येऊ. प्रत्येक मजुराला धातूचा एक बिल्ला मिळायचा, त्यावर नंबर. त्याला 'बांगो' म्हणत. मळ्याच्या हिशोबवहीत माणसाचं नाव चालायचं नाही, नंबर चालायचा. पगार घ्यायचा तर बिल्ला दाखवायचा. तांदूळ, सोयाबीनचा रस्सा, कापड, रॉकेल काही घ्यायचं तर मळ्याच्याच दुकानात जायचं आणि तोच नंबर सांगायचा. उधारी वहीत चढायची आणि पगाराच्या दिवशी कापली जायची. उसात कमावलेला पैसा हातात येण्याआधीच मळ्याकडे परत जायचा. वही दुकानदाराची, लिहिणारा दुकानदार. आपल्याकडे कोयत्याची उचल घेतलेल्या बायांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

यातून वाट काढली ती घरातल्या जोडधंद्यांनी. मळ्यावर एकटे पुरुष खूप होते. त्यांचे कपडे धुणं, फाटके शिवणं, त्यांना जेवण करून घालणं, गरम पाण्याची न्हाणी चालवणं, टोफू करून विकणं, अशी कामं बायका शेतातून आल्यावर करायच्या. काहीजणी दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळायच्या. हा पैसा मळ्याच्या वहीत येत नव्हता. आणि तो साठवायला त्यांनी गावाकडची एक जुनी रीत वापरली. तिचं नाव 'तानोमोशी'.

तानोमोशी म्हणजे भिशीच. समजा दहा जणांनी महिन्याला 5 डॉलर काढले. 50 डॉलर झाले. ते या महिन्यात एकाला, पुढच्या महिन्यात दुसऱ्याला. कधी चिठ्ठी टाकायची, कधी ज्याला जास्त गरज तो जास्त व्याज बोलून आधी उचलायचा. पैसे उचलून पळून जाऊ नये म्हणून जामीनदार लागायचा. चिनी लोकांत याला 'हुई' म्हणत, कोरियन लोकांत 'के'. बँक मजुराला दारात उभं करत नव्हती, त्या काळात या पैशावर मुलांची शाळा झाली, लग्नं झाली, छोटी दुकानं उघडली.

हातात पैसा आल्यावर घरात येणारी एक मोलाची वस्तू म्हणजे शिवणयंत्र. तांदूळ खाऊन संपतो, यंत्र कमावून देतं. कामाचे कपडे, शाळेचे कपडे, पुढे 1930 नंतर प्रसिद्ध झालेले रंगीबेरंगी 'अलोहा' शर्ट, या सगळ्यामागे तिथल्या शिवणकामाचा हात आहे. सुरुवातीचे काही अलोहा शर्ट तर किमोनोच्या कापडाचेच होते.

शिवणाची आवड तिथल्या मूळ हवाई बायकांतही जुनी. आधी त्या झाडाची साल कुटून कापड करायच्या. 1820 मध्ये आलेल्या मिशनरी बायकांनी त्यांना सुईदोरा आणि तुकडे जोडून गोधडी शिवणं दाखवलं. पण हवाई बायकांनी पुढे स्वतःची पद्धत काढली. मोठं कापड आठ घड्या करून कापायचं, उलगडलं की एकच मोठी नक्षी. त्यात नीरफणसाची पानं, अळूची पानं, फुलं. 1893 मध्ये राणी लिलिउओकालानी हिचं राज्य काढून घेतलं. 1895 मध्ये तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडून ठेवलं, तेव्हा तिने सोबतिणींसह रंगीत तुकड्यांची गोधडी शिवली आणि त्यावर आपल्या राज्याची हकिगत धाग्याने लिहिली. ती गोधडी होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात जपलेली आहे. विरंगुळा म्हणून हातात घेतलेली सुई इतिहास लिहिण्याच्याही कामी आली.

बेटं अमेरिकेत गेल्यावर 1900 मध्ये कराराची मजुरी कायद्याने बंद झाली. मजूर आता काम सोडू शकत होते, संप करू शकत होते. 1909 मध्ये जपानी मजुरांनी संप केला, कारण त्याच कामाला पोर्तुगीज मजुराला महिना 22.50 डॉलर आणि जपानी मजुराला 18 मिळत होते. 1920 मध्ये जपानी आणि फिलिपिनो मजूर एकत्र संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पुरुषांची रोजी 77 सेंटवरून सव्वा डॉलर करा, बायकांची 58 वरून 95 सेंट करा, हे होतं. आणि बाळंतपणाची पगारी रजा द्या, हेही होतं. शंभर वर्षांपूर्वी, उसाच्या मजुरांनी ही मागणी लिहून दिली होती! मळेवाल्यांनी सुमारे बारा हजार माणसांना घराबाहेर काढलं. साथीचा ताप आला, माणसं गेली. पाच-सहा महिन्यांनी संप मोडला. पण त्यानंतर थोड्याच महिन्यांत मळेवाल्यांनी मजुरी वाढवली. 1946 मध्ये सगळ्या जातीजमातींचे मजूर एका संघटनेत आले, 79 दिवस संप चालला, तेव्हा बायकांनी सामुदायिक भटारखाना चालवून घरं तगवली. तो संप त्यांनी जिंकला.

2016 च्या डिसेंबरात माउई बेटावरचा शेवटचा मोठा साखर मळा बंद झाला. ते नंबरचे बिल्ले आता संग्रहालयात पाहायला मिळतात.

सख्यांनो, लक्षात घ्या, बांगोच्या वहीतही हिशोब होता आणि तानोमोशीतही. एका हिशोबात बाई नंबर होती, दुसऱ्यात तिला नाव होतं. येत्या बैठकीत एवढंच करून बघा. आपल्या घरातली मागच्या वर्षातली एक मोठी खरेदी आठवा. ती कुणाच्या उधारीवर झाली, पावती कुणाच्या नावावर फाटली आणि त्या वस्तूने घरात पैसा आणला की नेला, हे प्रत्येकीने सांगा. आणि सचिवताईंनी ते इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत्येकीच्या पूर्ण नावासकट.