वंध्यत्वचिकित्सा व गर्भारपणातील उपद्रव

वंध्यत्वचिकित्सा व गर्भारपणातील उपद्रव : अंडमोचनास (अंडकोशातून पक्व अंड बाहेर पडण्यास) चालना देणारी औषधे किंवा शरीराबाहेरील फलन यांच्या साहाय्याने झालेल्या गर्भधारणेत काही उपद्रव अधिक प्रमाणात आढळतात. त्यांचा इतिहास मुख्यत्वे एकाच वेळी वाढणाऱ्या गर्भांच्या संख्येशी निगडित आहे.

स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी १९५८ मध्ये मृत व्यक्तींच्या पोष ग्रंथींच्या अर्काने अंडमोचन घडवून आणल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी १९६१ मध्ये क्लोमिफेनाचा उपयोग दाखविला. अशा उपचारांनी, विशेषतः हॉर्मोनांच्या अंतःक्षेपणांनी, एका ऋतुचक्रात अनेक अंडे पक्व होत व जुळी-तिळी राहण्याचे प्रमाण वाढे. शिवाय अंडकोश सुजून उदरात द्रव साचण्याचा विकारही (अंडकोश अतिउद्दीपन) दिसू लागला. यात रक्त घट्ट होऊन वाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. गर्भ राहिल्यास त्याच्या भोवतालच्या ऊतकापासून स्रवणाऱ्या हॉर्मोनामुळे हा विकार अधिक तीव्र होतो व लांबतो.

इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो व रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना शरीराबाहेरील फलनानंतर मिळालेली पहिली गर्भधारणा (१९७६) अंडवाहिनीत झाल्याने टिकू शकली नाही. २५ जुलै १९७८ रोजी लुईझ ब्राउन हिचा जन्म झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी याच पद्धतीने गर्भधारणा झालेल्या बालिकेचा जन्म झाला. तंत्राचा प्रसार होत असताना यशाची शक्यता वाढविण्यासाठी एकाच वेळी अनेक भ्रूण गर्भाशयात सोडण्याची प्रथा रूढ झाली. तिचा परिणाम अकाली प्रसूती, अर्भकाचे अल्प वजन, मातेचा वाढलेला रक्तदाब व प्रसूतीनंतरचा रक्तस्राव या रूपांत दिसून आला. काही वेळा उरलेल्या गर्भांच्या रक्षणासाठी गर्भसंख्या कमी करण्याचा कठीण निर्णय मातापित्यांना घ्यावा लागे.

भ्रूण गोठवून ठेवण्याच्या तंत्राने (अशा भ्रूणापासून पहिला जन्म ऑस्ट्रेलियात, १९८४) या प्रश्नाला मार्ग मिळाला. एक भ्रूण सोडून उरलेले पुढील प्रयत्नासाठी राखता येऊ लागले. अतिउद्दीपनाची भीती असल्यास भ्रूणरोपण पुढे ढकलणेही शक्य झाले. स्वीडनने २००३ पासून सामान्यतः एकच भ्रूण सोडण्याचे धोरण स्वीकारले. भारतात साहाय्यित जनन तंत्रांच्या नियमनाचा कायदा २०२१ मध्ये झाला.

केवळ गर्भ राहणे हे यश न मानता, पूर्ण दिवसांचे एक निरोगी मूल व सुखरूप माता हीच उपचाराच्या यशाची कसोटी मानली जाणे, हे या इतिहासाचे फलित होय.