लिनक्स कर्नल : कंपायलरची किमान आवृत्ती

लिनक्स कर्नल कंपाइल करण्यासाठी जीसीसी कंपायलरची निदान कोणती आवृत्ती लागेल, याची विकसकांनी ठरवलेली मर्यादा. ती कर्नलच्या दस्तऐवजांत नोंदलेली असते. त्याहून जुना कंपायलर आढळला, तर आजचा कर्नल बिल्ड सुरुवातीलाच थांबवतो.

पूर्वी ही मर्यादा जीसीसी ३.२ होती, पण ती कागदापुरतीच. इतक्या जुन्या कंपायलरवर अनेक प्रोसेसरांसाठीचा कर्नल नीट बांधलाच जात नव्हता. ज्यावर कोणी चाचणी घेत नाही, त्या आवृत्तीला आधार असल्याचे सांगणे म्हणजे वापरणाऱ्याची फसगत करणे होय. २०१८ मध्ये, कर्नल ४.१९ च्या वेळी, मर्यादा ४.६ वर आली आणि २०२० मध्ये ४.९ वर.

पुढचा निर्णय एका गंभीर दोषामुळे घ्यावा लागला. ६४-बिट आर्म प्रोसेसरसाठी कोड तयार करताना ४.९ पासून ५.१ च्या आधीपर्यंतचे जीसीसी कधीकधी स्टॅक पॉइंटर आधी हलवत आणि सोडलेल्या जागेतला डेटा नंतर वाचत. नेमका त्या दोन सूचनांच्या मध्ये इंटरप्ट आला, तर तो डेटा पुसला जाई. असे क्वचितच घडे, त्यामुळे दोष हाती लागेना. एक्स्ट४ फाइलप्रणालीतील चेकसम जुळेनात, तेव्हा कर्नल विकसक रसेल किंग यांनी केलेल्या शोधातून तो उघड झाला. कर्नलच्या कोडमध्ये यावर खात्रीचा तोडगा नव्हता. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये आर्म-६४ साठी आणि त्याच वर्षी कर्नल ५.१५ मध्ये सर्वांसाठी ५.१ ही मर्यादा झाली. त्याचा दुसरा लाभ लवकरच दिसला: जीसीसी ५ मध्ये सी-११ हे मूळचेच मानक असल्याने २०२२ मध्ये, कर्नल ५.१८ पासून, १९८९ च्या सी भाषेला निरोप देता आला.

एरवी मर्यादा ठरवताना दीर्घकाळ चालणारी वितरणे पाहिली जातात. २०२५ मध्ये कर्नल ६.१६ ने ८.१ निवडले, डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ यांचे कंपायलर त्यात बसतात. मात्र प्रत्येक वितरणासाठी थांबले जात नाही. रेड हॅट ७ सोबत ४.८.५ येत असे. २०२० च्या निर्णयाने तो बाहेर पडला, तेव्हा त्या वितरणाची देखभाल अजून चालू होती. तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल. जुन्या वितरणावर राहणाऱ्याला सहसा नवा कर्नल नको असतो, आणि हवाच असेल तर नवा जीसीसी शेजारी बसवता येतो.