कोळशाची वही, विहिरीची कोरी पाटी

वर्धा-इरईच्या खोऱ्यातील कोळशाचा इतिहास शोधणाऱ्याला कागदांची वाण पडत नाही. १८७० च्या दशकात सरकारने वरोऱ्याला खाण उघडली, कोळशासाठी वर्ध्याहून तिथवर लोहमार्ग आणला, १९०६ मध्ये ती खाण बंद केली. तोवर बल्लारपूरचा कोळसा निघू लागला होता. हे सारे जुन्या अहवालांत टनांच्या हिशेबाने सापडते. मी मात्र या कागदांत दुसरीच गोष्ट शोधत आलो आहे : खाणीच्या आधी इथल्या विहिरींना पाणी किती हातांवर लागत होते?

हा प्रश्न जुना असला तरी निकड नवी आहे. खोल खडकात पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून भेगा पाडायच्या आणि अडकलेला वायू बाहेर काढायचा, हे तंत्र अमेरिकेत कॅन्ससमध्ये १९४७ साली प्रथम आजमावले गेले. आपल्याकडे ओएनजीसीला जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेल खडकातून वायू मिळाला. तो दामोदर खोऱ्यातला गोंडवन खडक. भद्रावतीखालचा कोळसाही गोंडवन खडकांतलाच. २०१८ च्या केंद्रीय धोरणाने वायूच्या शोधाला आणखी वाव दिला. म्हणून अमेरिकेचा अनुभव आपण आजच वाचलेला बरा.

तिथे २०११-१२ मध्ये अशा एका विहिरीला मध्यम मानाने ५७ लाख लिटर पाणी लागत होते. परत येणारे खारे पाणी जमिनीत खोल जिरवल्याने ओक्लाहोमात भूकंप वाढले. सप्टेंबर २०१६ मधला पॉनीचा धक्का ५.८ तीव्रतेचा होता. पेन्सिल्व्हेनियातील डिमॉक गावी घरच्या विहिरींत मिथेन आढळला, तेव्हा कंपनीने तो आधीपासूनच असल्याचे सांगितले. आधीची तपासणीच नसेल तर गावकऱ्याने काय दाखवायचे? त्या राज्याने २०१२ च्या कायद्यात उलट बाजूने विचार केला. वायूच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, वर्षभरात पाणी बिघडले तर दोष कंपनीचाच धरायचा. तो नाकारायचा असेल, तर खोदण्याआधीच्या तपासणीचा कागद हा तिचा मुख्य आधार.

आता आपल्याकडे पाहा. माजरी, तेलवासा, ढोरवासा, बरांज या उघड्या खाणींत कोळसा काढण्याआधी पाणी उपसावे लागते. खाणीचा तळ विहिरींच्या तळाहून खाली गेला, की भोवतालचे भूजल तिकडे ओढले जाते. मात्र राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली १९७२ मध्ये. म्हणजे कोळशाची वही उघडल्यावर पाण्याची वही उघडायला शंभर वर्षे लागली.

जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत मला विहिरींची संख्या सापडली; पाण्याची पातळी नाही. पातळी सापडली ती म्हाताऱ्यांच्या तोंडी. मोटेचा नाडा किती लांब लागे, उन्हाळ्यात त्याला किती जोड द्यावा लागे, हे ते अजून हात पसरून दाखवतात. इतिहासकाराला हा पुरावा मोलाचा वाटतो, पण सुनावणीत तो टिकत नाही.

याच भांदकच्या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा शके ६९४ चा ताम्रपट आहे. दान दिलेल्या गावाच्या चारही सीमा त्यात कोरल्या आहेत, कारण सीमा लिहिली नाही तर हक्क सांगता येत नाही, हे त्या काळच्या लेखनिकाला ठाऊक होते. विहिरीचेही तसेच आहे. दर वर्षी मे महिन्यात पाण्याची खोली मोजावी, पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे आणि दोन्ही आकडे ग्रामसभेच्या इतिवृत्तात तारखेनिशी चढवावेत. खर्च एका दोरीचा आणि एका तपासणीचा. यंत्रे गावात आल्यावर लिहिलेल्या पहिल्या आकड्याला ‘आधीचा’ म्हणता येत नाही.