खाटेवरचा मास्तर

काही वर्षांपूर्वी आईला एका मोठ्या दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. रोज सकाळी राउंडला आठ-दहा शिकाऊ डॉक्टर खाटेभोवती उभे राहायचे. मोठे डॉक्टर इंग्रजीत सांगायचे, पोरं आळीपाळीनं पोट दाबून बघायची. बेंबळीला परत आल्यावर आई म्हणाली, "माझ्याच पोटावर शिकले, पण मला काय होतंय ते मला सोडून सगळ्यांना विचारलं."

ही रीत जुनी आहे. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते जे. जे. हॉस्पिटलच्या जोडीनंच, कारण शिकायला रुग्ण लागतात. फुकट उपचार घेणारा गरीब माणूस तिथं आपोआप धडा झाला. पावणेदोनशे वर्षं उलटली, आपण अजून 'केस'च आहोत.

गडचिरोलीत मात्र उलटं घडलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्य शिकून तिथं गेले. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. तरी गावातल्या बायांमध्ये बसून ऐकायला लागल्यावर त्यांना कळलं, की बायका जे दुखणं अंगावर काढतात त्याचा सरकारी कार्यक्रमात पत्ताच नाही. तिथं बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. मग दोन गावांतल्या ६५० जणींची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. त्या बायांनी काय काय सांगितलं ते राणीताईंच्या 'कानोसा' पुस्तकात आहे, मिळालं तर वाचाच. पुढं दवाखाना बांधतानाही आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं लोक म्हणाले. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा आहे आणि नाव त्यांच्याच देवीचं, दंतेश्वरीचं.

न विचारल्यावर काय होतं तेही आपल्या शेजारीच दिसलं. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोटात दुखतंय, पांढरं जातंय म्हणून गेलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्या धाराशिवला २०२२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आणि नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. 'दत्तक' हा शब्द मला पटत नाही. शिकायला येणारा दत्तक कसा घेईल? पण योजना चांगली आहे. नुसतं बीपी मोजून फॉर्म भरून गेले तर ती खानेसुमारी झाली. आपल्या बाया बोलतील आणि पोरं-पोरी वहीत लिहून घेतील, एवढं तरी व्हावं. वर्षाअखेरीस कोण विद्यार्थी नीट ऐकत होता ते त्या घरालाही विचारावं, आणि त्याला थोडे का होईना मार्क असावेत.

आपल्या भागात कुणाच्या घरी असे विद्यार्थी येऊन गेले असतील तर खाली लिहा. काय विचारलं, आणि तुम्ही काय सांगितलं?