धंद्याचा रकाना

ज्यूरीचा विषय निघाला की आपले इतिहासकार दोन खटले सांगतात. एक १९०८ चा टिळकांचा : सात युरोपियनांनी दोषी ठरवले, दोन पारशांनी निर्दोष. दुसरा १९५९ चा नानावटींचा : आठ विरुद्ध एक मतांनी सुटका, आणि हायकोर्टाने फिरवलेला कौल. दोन्ही मुंबईचे, दोन्ही मोठ्या माणसांचे. पंचाच्या खुर्चीवर बसायला लायक कोण, हे कोणी ठरवले, हा प्रश्न ह्या इतिहासाला पडत नाही. तो मी कामठ्यातून विचारतो आहे.

कामठा म्हणजे जुनी जमीनदारी. १८१८ साली चिमणा पाटलाने इंग्रजांविरुद्ध बंड केले ते ह्याच गावी. बंड मोडले, जमीनदारी मात्र राहिली. अशा मुलखात १८९८ चा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आला. त्याचे ३१९ वे कलम वाचून कोणालाही बरे वाटावे : २१ ते ६० वर्षांचा प्रत्येक पुरुष ज्यूरर किंवा असेसर होण्यास पात्र. जातीचा शब्द नाही. पुढे ३२१ वे कलम येते आणि दार लागते. यादी करणार सेशन्स जज्ज आणि कलेक्टर. त्यांच्या मते जो लायक, तोच यादीत. नावापुढे राहण्याचे ठिकाण आणि दर्जा किंवा धंदा लिहायचा. माणूस युरोपियन वा अमेरिकन असेल तर त्याचा वंशही लिहायचा.

साहेबाची जात कायद्याने अशी उघड मान्य केली होती. इल्बर्ट बिलावरून दंगा करून गोऱ्यांनी १८८४ साली हक्क मिळवला, की गोरा आरोपी असेल तर निम्मी ज्यूरी गोरी मागता येईल. आमची जात लिहिण्याची गरजच नव्हती. ती धंद्याच्या रकान्यात वाचता येत होती.

पैशाचेही तसेच. फिर्यादी आणि साक्षीदार यांच्या खर्चाची तरतूद ५४४ व्या कलमात आहे. ज्यूररचे नाव तिथे नाही. गैरहजर राहिला तर मात्र शंभर रुपयांपर्यंत दंड. रोजीवर जगणाऱ्याने दिवसचे दिवस कोर्टात कसे काढावेत? ज्याचे शेत दुसरा नांगरतो, त्यालाच हा न्याय परवडत होता.

आमच्या भागात खटले चालत ते असेसर बसवून. असेसरांनी मत द्यावे आणि जज्जाने ते मानावे किंवा सोडून द्यावे. इतकी पोकळ खुर्ची, तरी मान मालगुजाराचा. कोतवालकी मात्र बहुधा महाराकडे : जन्ममृत्यूची वर्दी द्या, प्रेताजवळ रात्रभर बसा, गुन्ह्याची खबर ठाण्यात पोचवा. मी विद्यार्थी असताना गावातल्या एका म्हाताऱ्या कोतवालाला विचारले होते, “बाबाजी, तुम्ही कधी असेसर होता का?”

“तो का असते जी?” ते म्हणाले. “आमाले पंचनाम्यावर आंगठा लावाले बलावत. कोर्टात गेलो तं झाडाखाली बसून रायलो.”

असेसर १९५५ च्या दुरुस्तीने गेले. ज्यूरी १९७३ च्या नव्या संहितेने गेली. ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. १९५५ सालीच अमेरिकेत, मिसिसिपीत, चौदा वर्षांच्या एमेट टिलच्या खुन्यांना सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात सोडले होते. म्हणून ब्लॅक पँथरांनी १९६६ च्या आपल्या कार्यक्रमात मागणी घातली, की काळ्या आरोपीपुढे काळ्या वस्तीतली ज्यूरी हवी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपल्याकडे ज्यूरी शेवटच्या घटका मोजत होती. ज्यूरी गेल्याचे दुःख मला नाही. पण ती कोणाची होती हे न विचारताच ती गेली, हे खुपते.

खैरलांजी आमच्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातली. २००६ साली एका दलित कुटुंबातील चौघांची तिथे हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने शिक्षा दिल्या, फाशीसुद्धा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. तो निकाल एकट्या न्यायाधीशाचा होता. जुन्या यादीतले चार असेसर त्यांच्या शेजारी बसले असते, तर त्यांनी ह्या हत्येत जात पाहिली असती, असे मला वाटत नाही.