एका झाडाच्या लाखो कॉप्या: डाळिंबाच्या गोष्टीतून हॉर्टिकल्चर

आजचा एपिसोड एका फळाच्या इतिहासाचा आहे. फळ साधंच, डाळिंब. पण त्याचा माग काढत गेलं की हॉर्टिकल्चर, म्हणजे आपल्या मराठीत उद्यानविद्या, हे नक्की काय प्रकरण आहे ते आपोआप उलगडतं. बारावीनंतर हा रस्ता धरावा का, असा विचार करणाऱ्यांनी तर शेवटपर्यंत थांबा. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे सल्ला देणार नाही. गोष्ट सांगतो.

आधी एक मूळ मुद्दा. डाळिंबाचं बी पेरलं की झाड येतं, पण ते आईसारखंच निघेल याची खात्री नसते. एकाच फळातल्या दहा बियांची दहा झाडं वेगवेगळी निघू शकतात. म्हणून चांगलं झाड हाती लागलं की त्याची फांदी वापरून नवं रोप करतात. डाळिंबात गुटी कलम बांधतात. फांदीची साल गोलाकार काढायची, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं, मुळं फुटली की फांदी कापून लावायची. हे रोप म्हणजे आईची हुबेहूब कॉपी.

आता चला पुण्याच्या गणेशखिंडीत. १९३६ साली तिथल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी ‘आळंदी’ वाणाच्या रोपांमधून एक झाड निवडलं. त्याचं बी मऊ होतं, दाणे चावताना दाताखाली टोचत नव्हते. आधी त्याला ‘जीबीजी-१’ असं कोरडं नाव होतं. १९७० मध्ये त्याचं ‘गणेश’ झालं. महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षं डाळिंब म्हणजे गणेश, आणि गणेशचं प्रत्येक झाड म्हणजे त्या एका निवडीची कॉपी!

पण गणेशचा दाणा फिकट गुलाबी होता आणि बाजाराला हवा होता लालभडक. ‘गुल-ए-शाह रेड’ या रशियन वाणाचा दाणा गडद लाल, पण बी टणक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या दोघांचा संकर झाला. त्याच्या दुसऱ्या पिढीतल्या रोपांमधून निवड करत आधी ‘मृदुला’ आणि मग ‘भगवा’ हे वाण आले. भगव्याची साल जाड आणि चकचकीत, त्यामुळे तो लांबच्या प्रवासात टिकतो. आज परदेशी जाणारं आपलं डाळिंब मुख्यतः भगवाच असतं. विचार करा, आपण कोड बदलला की दोन मिनिटांत रिझल्ट बघतो. इथे रोप लावल्यावर फळ बघायलाच दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

वाण आला, पण बागा कशा वाढल्या? १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. खड्डे खणण्यापासून रोपांपर्यंतच्या खर्चाला अनुदान मिळू लागलं. सांगोला, मालेगाव, सटाणा अशा कमी पावसाच्या भागात डाळिंब चांगलं जमलं, कारण ते कोरड्या हवेचं पीक आहे. शेतकरी त्याला मुद्दाम पाण्याचा ताण देतो, पानगळ करतो आणि मग पाणी सोडून बहार धरतो. ठिबकमुळे थोड्या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या.

आता गोष्टीतला बग. हजारो झाडं एकच कॉपी असतील तर त्यांची कमजोरीही एकच. २००० नंतरच्या दशकात ‘तेल्या’ रोगाने बागाच्या बागा पोखरल्या. हा जिवाणूंमुळे होणारा रोग. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकतं. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून तो पसरतो, आणि रोगट झाडाचं कलम आणलं तर रोपासोबतच घरी येतो. माझ्या मामांनी साडेतीनशे झाडं अशीच उपटून बांधावर पेटवली. रोपं स्वस्तात मिळाली होती, एवढंच ते सांगतात. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. या रोगावर काम करणं हे तिथलं एक मोठं काम आहे.

या गोष्टीतली माणसं मोजा, त्यातच उद्यानविद्येच्या शाखा आणि नोकऱ्या सापडतात. झाड निवडणारा, संकर करणारा फळशास्त्रज्ञ. निरोगी मातृवृक्ष सांभाळून कलमं बांधणारा रोपवाटिकावाला. तेल्या ओळखणारा रोगतज्ज्ञ. पॅकहाऊसमध्ये फळाची प्रतवारी आणि कोल्ड स्टोरेज बघणारा काढणीपश्चात तंत्रज्ञ. डाळिंबापलीकडे गेलात तर भाजीपाला, मसाला आणि औषधी वनस्पती, पॉलीहाऊसमधली फुलशेती, आणि शहरातल्या बागा आखणारं लँडस्केपिंग.

शिक्षण म्हणाल तर चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स हॉर्टिकल्चर ही पदवी आहे. महाराष्ट्रात राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. पुढे संशोधन, कृषी खात्याच्या स्पर्धा परीक्षा, बँकेतलं कृषी अधिकाऱ्याचं पद, किंवा स्वतःची नर्सरी, असे रस्ते निघतात. आणि हे क्षेत्र लहान नाही. २०१२-१३ मध्ये देशातलं फळं-भाज्यांसह एकूण बागायती उत्पादन पहिल्यांदाच अन्नधान्याच्या पुढे गेलं.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नर्सरीचं काम, आणि त्याकडेच आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. चीमांनी निवडलेलं झाड असो की राहुरीचा संकर, शेतकऱ्यापर्यंत तो पोचतो कलम बांधणाऱ्याच्या हातून. त्या हाताने एक रोगट फांदी घेतली, तर मागची सगळी मेहनत कोणाच्या तरी बांधावर जळते. तेव्हा घरी या वर्षी बाग लावायचा बेत असेल, तर दर विचारण्याआधी मातृवृक्ष बघायला मागा. दाखवायला कां-कूं केली, तर सरळ पुढच्या नर्सरीत जा.