दयामरणाचा कायदा आणि परावलंबी रुग्णांचे संरक्षण : मुंबईतील दोन खटल्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
दयामरणाविषयीची चर्चा सामान्यतः ‘मरणाचा हक्क’ या कल्पनेभोवती फिरते. तथापि महाराष्ट्रातील न्यायालयीन इतिहास पाहता त्याहून मूलभूत प्रश्न वेगळाच असल्याचे दिसते. ज्या रुग्णाची मरणाची इच्छा हलाखीतून उद्भवली आहे, किंवा ज्याला आपली इच्छा सांगताच येत नाही, त्याचे रक्षण कोणी करावयाचे? प्रस्तुत लेखात दोन खटल्यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

डुबल खटला (१९८६) :
अपघातात डोक्याला इजा झाल्यानंतर मानसिक आजाराने ग्रासलेल्या मुंबईतील एका पोलीस शिपायाने आत्महत्येचा प्रयत्न केला व त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार खटला भरण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. मात्र दयामरण म्हणजे दुसऱ्याच्या हातून होणारी हत्या होय, असा स्पष्ट भेदही केला. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०९ वैध ठरविले. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने अशा व्यक्तीस तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे गृहीत धरून तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. म्हणजेच शिक्षेची जागा शुश्रूषेने घेतली.

शानबाग खटला (२०११) :
केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या परावलंबी झाल्या. त्यांच्या वतीने लेखिका पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. वर्षानुवर्षे सेवा करणारे रुग्णालयाचे कर्मचारीच त्यांचे खरे हितचिंतक होत, असे न्यायालयाने मानले. त्याच निकालात निष्क्रिय दयामरणास, म्हणजे जीवनरक्षक उपचार थांबविण्यास, मर्यादित मान्यता मिळाली. तथापि मालमत्तेच्या लोभाने नातेवाईक गैरवापर करतील या भीतीने तीन डॉक्टरांची समिती व उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरविण्यात आली. शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले.

संरक्षक तरतुदींचा प्रवास :
९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. परंतु त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक केल्याने ती व्यवहारात फारशी उतरली नाही. जानेवारी २०२३ मध्ये नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यांचे साक्षांकन पुरेसे ठरविण्यात आले. रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांची अट मात्र कायम राहिली. सक्रिय दयामरण भारतात आजही बेकायदेशीर आहे. कॅनडाने २०२१ मध्ये मृत्यू समीप नसलेल्या रुग्णांनाही वैद्यकीय साहाय्याने मरणाची मुभा दिली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी घेतलेला आक्षेप या संदर्भात उद्बोधक आहे : जगण्याची साधने न देता मरणाचा पर्याय देणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

समारोप :
निर्णयाचे केंद्र आता उच्च न्यायालयाकडून रुग्णालयाकडे सरकले आहे. त्यामुळे सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जेथे खाटेजवळ बसलेल्या कुटुंबाला उपचारखर्चाची विवंचना असते, तेथे मंडळातील डॉक्टरांची जबाबदारी वाढते. उपचार थांबविण्याची संमती रुग्णहितातून आली की दारिद्र्यातून, हे त्यांनाच पारखावे लागेल. वेदनाशामक सेवा व परवडणारे उपचार उपलब्ध असतील, तरच त्या संमतीला अर्थ राहील. कायद्याच्या अटी गैरवापर रोखू शकतात. परंतु केईएमच्या परिचारिकांनी चार दशकांहून अधिक काळ केलेल्या शुश्रूषेची जागा त्या घेऊ शकत नाहीत.